जीभ बघू

मागच्या मे महिन्यात सांगलीला एका भाचीच्या मुलीचं लग्न होतं. पंगत उठल्यावर आम्ही अकरा चुलत-आत्तेभावंडं कार्यालयाच्या कोपऱ्यात एका पंख्याखाली खुर्च्या ओढून बसलो. सगळ्यात धाकटा बाळू, तोही आता बासष्टचा. विडे यायच्या आत गोळ्या बाहेर आल्या. पर्समधून, शबनममधून, सदऱ्याच्या खिशातून कप्पे पाडलेल्या डब्या निघाल्या. कुणाची बीपीची, कुणाची साखरेची, कुणाची रक्त पातळ करायची. थायरॉइडवाल्यांनी आपली सकाळीच उपाशीपोटी झाल्याचं न विचारता सांगितलं. मग आकडे सुरू झाले. 'माझं सात पॉइंट दोन.' 'माझं बाई साडेसहाच्या वर कधी जात नाही.' शाळेत मार्कांसाठी एवढी चुरस केली असती तर वडिलांचा मार वाचला असता.

तेवढ्यात विजूदादा उठला. पदर खोचल्यासारखं करून त्यानं डावा हात कमरेवर ठेवला आणि नाकातून आवाज काढत म्हणाला, "जीभ बघू."

दहाच्या दहा जिभा बाहेर. कुणी विचार केला नाही, कुणी लाजलं नाही. ताकाची बादली घेऊन चाललेला वाढपी मुलगा तसाच थबकला. सत्तरीच्या बायका भर लग्नात जिभा काढून बसल्यात, हे त्यानं नक्की घरी जाऊन सांगितलं असणार.

आत्या जाऊन चाळीस वर्षं झाली, पण तिचा हुकूम अजून चालतो.

आत्या म्हणजे आमच्या वडिलांची आत्या, आजोबांची धाकटी बहीण. पंधराव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन माहेरी आली आणि मिरजेच्या आमच्या वाड्यात राहिली ती शेवटपर्यंत. आमचे वडील तिला आत्या म्हणत, म्हणून आम्हीही आत्याच म्हणायचो. वाड्यात नुसतं 'आत्या' म्हटलं की तीच. बाकीच्यांना नावं जोडावी लागत.

सकाळी चौकात दात घासायची रांग असायची. माकडछाप काळं दंतमंजन, तळहातावर चिमूटभर. चूळ भरून झाली की आत्यापुढे उभं राहायचं. ती हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची. "जीभ बघू." पांढरा थर असला की पोट साफ नाही. पिवळट असली की पित्त. कडा लाल म्हणजे उष्णता, सब्जाचं पाणी. जांभळी असली की धपाटा, कारण देशपांड्यांच्या परसातल्या जांभळाला हात लावायचा नाही असं आदल्याच दिवशी बजावलेलं असायचं. चिंच, आवळे, बर्फाचा रंगीत गोळा, सगळ्याचा पुरावा तिला तिथे मिळायचा. जिभेनंतर एक प्रश्न, साऱ्या चौकाला ऐकू जाईल असा: "जाऊन आलास का?" कशी झाली, किती झाली, याचीही चौकशी व्हायची. पाहुण्यांसमोर व्हायची. माझ्या एका मैत्रिणीनं त्या पायी आमच्याकडे राहायला येणं सोडलं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एरंडेल. पहाटे पाचला उठवायची. स्वयंपाकघरात शेगडीवर सुंठ घातलेला कोरा चहा, कान तुटलेल्या कपांत ओतलेला, वर एरंडेलाची तेलकट चकती तरंगतेय. एका हातानं नाक दाबायचं, दुसऱ्यानं कप लावायचा. शरू एकदा ते तोंडात धरून परसात पळाली आणि तुळशीवृंदावनामागे थुंकली. आत्यानं काही न बोलता दुसरा कप भरला. त्यानंतर वाड्यात जे व्हायचं ते आमच्या पिढीतल्या कुणाला वर्णन करून सांगायला नको: मुलं अकरा, संडास दोन. नंबर वयाप्रमाणे लावलेला, पण पोट वय पाळत नाही. डालड्याचा डबा हातात धरून दारावर थापा मारणारा बाळू मला अजून दिसतो. दुपारी मऊ भात, लोणकढं तूप, मेतकूट आणि निखाऱ्यावर भाजलेला पापड. खरं सांगायचं तर एरंडेल आम्ही सगळे शिव्या देत आठवतो आणि तो भात गप्प बसून.

तिच्या औषधांचा एक पत्र्याचा डबा होता, पूर्वी बिस्किटांचा असलेला. त्यात मुरडशेंग, मायफळ, बाळहिरडा, वेखंड, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, डिकेमाली, कळकट हळकुंडं. सहाणेवर दुधाचे चार थेंब टाकून ती गुटी उगाळायला बसली की आम्ही मोजत असू. मुरडशेंगेचे चार वेढे, अतिविषाचा एक, वेखंडाचा जेमतेम अर्धा. "वेखंड जास्त झालं तर पोर वांती करतं," हे तिनं मला सात वर्षांची असताना सांगितलेलं. अळशीचं पोटीस, अडुळशाचा रस, रांजणवाडीवर उगाळलेली लवंग हे सारं होतंच. पण आता त्या डब्याबद्दल जे भक्तिभावानं लिहिलं जातं, फॉरवर्ड केलं जातं, ते वाचून मला हसू येतं. डब्यात जादू नव्हती. त्यातल्या निम्म्या मुळ्यांनी काही होत असेल की नाही कोण जाणे. आत्याचं खरं काम औषधाचं नव्हतंच, पाळतीचं होतं. अकरा पोरांपैकी काल कोण जेवताना पानात टाकून उठलं, कोण रात्री खोकत होतं, कुणाचा चेहरा तिसऱ्या प्रहरी उतरतो, हे तिला आयांच्या आधी कळायचं. ताप यायच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणायची, "हिला आज आंघोळ नको." आम्हाला त्या पाळतीचा जाच व्हायचा. आज मनगटावरचं घड्याळ मला रोज माझी पावलं सांगतं, ठोके सांगतं. पण मी पानात टाकून उठले हे त्याला कळत नाही.

आणि आमचं गाव मिरज. ही गोष्ट बाहेरच्यांना सांगावी लागते. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथे मिशनचं रुग्णालय उभारलं, पुढे डॉक्टर तयार करायची शाळाही काढली. सांगली आणि मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीला क्षयाचं आरोग्यधाम झालं. तेव्हापासून कोल्हापूर, बेळगाव, विजापूर, सोलापूर या सगळ्या मुलखात दुखणं हाताबाहेर गेलं की एकच वाक्य होतं, 'मिरजेला न्या.' पुण्याकडून आणि बेळगावकडून मीटरगेज, पंढरपूरकडून बार्शी लाईटची अरुंद गाडी. प्रत्येक गाडीतून कुणी ना कुणी पोट धरून, डोळा बांधून, घोंगडीत गुंडाळून उतरायचं. त्यातलं कुणी आपलं निघालं की टांगा थेट आमच्या दारात.

त्यामुळे वाड्याच्या सोप्यावर कायम दोन-तीन अंथरुणं असत. रोगी मिशनमध्ये, नातेवाईक आमच्याकडे, आणि डबा आत्याचा. पहिले दोन दिवस लाह्यांचं पाणी. मग भाताची पेज, वर तुपाचा थेंब नाही. मग मुगाचं कढण. टाके निघाल्यावर ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून. ती पथ्याचा डबा पितळेचा, वेगळा ठेवायची आणि आम्हा पोरांपैकी कुणाला तरी घेऊन पिटाळायची. मोतीबिंदूचे रोगी तेव्हा शस्त्रक्रियेनंतर कितीतरी दिवस उताणे पडून असत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. अथणीच्या एका आजोबांना मी चमच्यानं पेज भरवलेली आहे. त्यांनी विचारलं, "तू कुणाची गं?" मी सांगितलं. त्यांना कळलं नाही. घरी येऊन मी विचारलं, हे आजोबा आपले कोण? तेव्हा उलगडा झाला की कुणालाच माहीत नाही. आमच्या आजोबांना वाटत होतं ते आत्याच्या सासरचे, आत्याला वाटत होतं ते आईच्या माहेरचे. त्यांचा मुलगा वीस दिवस आमच्याकडे जेवला आणि जाताना गुळाची ढेप ठेवून गेला. त्यांना बहुतेक पलीकडच्या बोळात जायचं होतं.

मिशनच्या डॉक्टरांविषयी आत्याला मोठा आदर होता, पण तो वाटणी करून. "कापायचं त्यांनी, भरायचं मी," म्हणायची.

या वाटणीत एकदाच बाचाबाची झाली. १९६१ साली प्रभाताईला मुदतीचा ताप आला. टायफॉइड हा शब्द आम्हाला नंतर कळला. मुदतीचा ताप म्हणजे एकवीस दिवस घेतल्याशिवाय न जाणारा. पेठेतल्या डॉक्टरांनी क्लोरोमायसेटिनच्या कॅप्सुली दिल्या. पाचव्या दिवशी ताप उतरला. आत्याचा विश्वास बसेना. मुदत ठरलेली, ताप मध्येच कसा जाईल? तिनं एकविसाव्या दिवसापर्यंत प्रभाताईला अंथरुणातून उठू दिलं नाही आणि मोसंबीच्या रसाखेरीज काही फारसं दिलं नाही. प्रभाताईचा आवडता झुणका त्या तीन आठवड्यांत चार वेळा झाला. ती ते अजून बोलून दाखवते.

इथवरचं सांगताना सगळे हसतात. लग्नातही हसलो. पुढचं कुणी काढलं नाही, कधीच काढत नाही, म्हणून मी लिहिते.

१९६४ च्या उन्हाळ्यात धाकट्या काकूचं दहा महिन्यांचं बाळ हगवणीनं आजारी पडलं. आत्यानं डाळिंबाची साल आणि जायफळ उगाळून दिलं आणि पाणी तोडलं. वरून घालाल ते खालून जाईल, आतडं कोरडं ठेवा, हे तिला तिच्या आजीनं शिकवलेलं होतं आणि गावातल्या प्रत्येक घरात तेच होतं. काकू अंगावर पाजायलाही भीत होती. मूल रडायचं, पण डोळ्यांत पाणी नसायचं. टाळू खोल गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी टांगा जोडला. आम्हा मुलांना माडीवर पाठवलं होतं. जिन्याच्या गजांतून मला काकूच्या मांडीवरचं दुपटं दिसलं आणि ते अजिबात हलत नव्हतं. टांगा अर्ध्या रस्त्यातून परत आला.

मुलं हगवणीनं नाही, तर अंगातलं पाणी आणि मीठ संपल्यानं जातात. साखरेच्या जोडीनं आतडं मीठ ओढून घेतं आणि मिठाच्या मागून पाणी आत येतं, अगदी हगवण चालू असतानाही. इतकी साधी गोष्ट, पण ती दारोदार पोचायला फार वर्षं गेली. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली, शिरेतून द्यायचं सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात मिसळून पिंपातून लोकांना पाजायला दिलं आणि माणसं जगली. त्यालाच पुढे आपल्याकडे जलसंजीवनी म्हणू लागले.

आमच्या वाड्यात ती आली १९७८ च्या सुमारास, नगरपालिकेच्या नर्सबाईंच्या तोंडून. त्या ओट्यावर टेकून सगळ्या बायकांना सांगत होत्या: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, आणि जुलाब होत असले तरी पाजत राहायचं. अंगावरचं दूध तर मुळीच तोडायचं नाही. आत्या दाराच्या चौकटीला धरून ऐकत होती. "पाजत राहायचं?" तिनं विचारलं. नर्सबाई हो म्हणाल्या. "थांबेपर्यंत?" हो. "आणि मीठ जास्त झालं तर?" नर्सबाई म्हणाल्या, आजी, आधी चाखून बघा, अश्रूंपेक्षा खारट नको. आत्या आत गेली. धाकटी काकू तिथेच बसलेली होती. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

त्या दिवसापासून देवघराशेजारच्या फळीवर एक चमचा वेगळा ठेवलेला असायचा. बोळातलं कुणाचंही मूल ढाळू लागलं की आत्या तांब्या भरून घेऊन जायची, स्वतः चाखायची आणि पोराच्या आईशेजारी बसून राहायची. एरंडेल तिनं त्याच वर्षी बंद केलं. का, ते सांगितलं नाही.

स्वतःचं दुखणं ती कधी सांगायची नाही. विचारलं तर, "मला काय धाड भरलीय?" एकभुक्त, एकादश्या, चातुर्मास, सगळ्यांत शेवटी पान, आणि पानात बहुतेक भाताची खरवड. ती जेवताना कशी दिसायची हे मला आठवून पाहिलं तर आठवत नाही, कारण तोवर आम्ही झोपलेले असायचो. एक मात्र आठवतं. तिच्या पदराच्या गाठीत कच्चे तांदूळ असायचे. कामं करता करता दोन-चार दाणे तोंडात टाकायची. कुरुमकुरुम आवाज यायचा. आम्हाला त्याची गंमत वाटायची. बाळू तिला 'आत्या उंदीर' म्हणायचा आणि तीही हसायची. माडीच्या जिन्यावर ती मधल्या पायरीला थांबायची, तेही वयामुळे असं आम्ही धरून चाललो होतो.

१९७९ च्या पावसाळ्यात ती चौकात भोवळ येऊन पडली. विजूदादा आणि मी तिला दवाखान्यात नेलं. दवाखान्याचं नाव इथे महत्त्वाचं नाही. माझ्याच वयाची एक डॉक्टर होती, बहुतेक नुकतीच शिकून बाहेर पडलेली. तिनं आत्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि म्हणाली, "आजी, जीभ बघू."

आत्यानं आमच्याकडे पाहिलं. मग डॉक्टरकडे. पन्नास वर्षं तिनं दुसऱ्यांना दिलेला हुकूम होता तो. तोंड उघडायला तिला वेळ लागला. जीभ पांढरी होती, थरानं नव्हे. आतूनच, पुन्हा पुन्हा धुतलेल्या मांजरपाटासारखी, आणि गुळगुळीत. जिभेवर बारीक खरखर असते ना, ती कुठेच नव्हती.

हिमोग्लोबिन पाच निघालं. बाईचं बारा तरी हवं. कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे लोह फार कमी झाल्याचं लक्षण असू शकतं, हे त्या डॉक्टरनं सांगितलं तेव्हा विजूदादा खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. आणि कारण निघालं मूळव्याध. किती वर्षांची, असं विचारलं तर आत्या म्हणाली, "आहे आपली." बऱ्याच वेळानं म्हणाली, थोरल्या भाचीच्या बाळंतपणापासून. म्हणजे वीस वर्षं. वाड्यातल्या प्रत्येक माणसाच्या परसाकडची खडान्‌खडा माहिती असलेल्या बाईनं आपलं जाणारं रक्त वीस वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं. हे फक्त जुन्या काळचं आहे असं म्हणायची सोय नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळलं.

दोन बाटल्या रक्त चढवलं, एक विजूदादाचं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरानं पदराची गाठ रिकामी दिसू लागली. ती पुढे सहा वर्षं जगली आणि ती वर्षं आम्ही तिला पहिल्या पंगतीला बसवलं. तिला ते फारसं आवडलं नाही. सारखी उठून आमटी गरम आहे का बघायची.

लग्नाहून परतताना थोरल्या वहिनीकडे दोन दिवस राहिले. आत्याची सहाण तिच्याकडे आहे, मध्ये खळगा पडलेली. त्या बिस्किटांच्या डब्यात मुळ्या नाहीत, जुने कागद आहेत. रेशनकार्ड, दोन पावत्या आणि १९७९ चा तो केसपेपर. शाई अजून वाचता येते. वय, अंदाजे ६८. पत्ता मिरजेचा. 'पूर्वीचे आजार' या रकान्यात लिहिलंय: काही नाहीत. त्याखाली माहिती देणाऱ्याची सही आहे, ती माझी.